नागपूरच्या रामदासपेठेतलं स्कॅन सेंटर: तोंडाच्या कॅन्सरसाठी एमआरआय, सीटी आणि पेट स्कॅनचा अनुभव

सेंटर निवडताना लोक आधी एमआरआय मशीन किती टेस्लाचं, म्हणजे किती ताकदीच्या चुंबकाचं आहे, ते विचारतात. मी सांगेन की रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर पेशंटला स्वतः बघतात का, ते विचारा. या सेंटरला मी पाचपैकी साडेचार तारे देते आहे, ते मुख्यतः त्यासाठी. अर्धा तारा का कापला, तेही पुढे लिहिते.

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, एसटीत कंडक्टर आहेत. राहणार उमरेड, वय ५२. ऐन तारुण्यापासून खर्रा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घासून द्यायचं काही थांबलं नाही. त्यांचं तोंड कित्येक वर्षांपासून दोन बोटांपुरतंच उघडतं. डावीकडे खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधल्या खाचेत छाला झाला, तो भरेना. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर निघाला.

पहिला सीटी स्कॅन आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी केला होता. त्याचा रिपोर्ट जेमतेम पाच ओळींचा. डाव्या गालात वाढ दिसते, जबड्याचं हाड खाल्लं गेलं असण्याची शक्यता, क्लिनिकली पडताळून बघावं. आमच्या सर्जननी फिल्म लाइटवर लावली आणि ताईला जवळ बोलावलं. गाल हिरडीला चिकटलेला, दातातल्या कॅपमुळे चित्रावर पांढरे पट्टे आलेले, त्यामुळे गाठ गालाची की हिरडीची तेच कळत नव्हतं. ते म्हणाले, "ताई, मला जबडा अख्खा कापावा लागेल की खालची कड वाचवता येईल, हे या फोटोवरून सांगता येत नाही." त्यांनी नव्या चिठ्ठीवर प्रश्नच लिहून दिले. हाडाच्या आतला मगज शाबूत आहे का? चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेलंय का? खोली किती? मानेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) कुठल्या बाजूला, आणि त्यांचं आवरण फुटलंय का? ती चिठ्ठी घेऊन आम्ही इथे आलो.

रिसेप्शनवरच्या मुलीने चिठ्ठी वाचून ती आत पाठवली आणि थोड्या वेळाने रेडिऑलॉजिस्ट मॅडम स्वतः बाहेर आल्या. टॉर्च घेऊन भाऊजींचं तोंड बघितलं, हातमोजा घालून गालावरून आणि मानेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "इथली दाढ कधी काढली?"

"हालून राहिली होती मॅडम, म्हणून उमरेडलाच काढून घेतली. महिना झाला असंल."

मॅडमनी ती तारीख कागदावर लिहून घेतली. दाढ काढलेली जागा भरत असताना तिथल्या हाडात सूज असते. एमआरआयवर ती कॅन्सरसारखी दिसू शकते आणि पेट स्कॅनवर, जिथे साखरेसारखं औषध जास्त ओढणारी जागा उजळ दिसते, चमकूही शकते. ही माहिती न घेता रिपोर्ट लिहिला असता तर हाडात कॅन्सर शिरला असं सहज लिहिलं गेलं असतं. आधीच्या ठिकाणी हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

आता सीटीबद्दल. इथे गाल फुगवून सीटी करतात. ऐकायला साधं वाटतं, पण तोंडाच्या या भागासाठी फार मोलाचं आहे. तोंड मिटून झोपलं की गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटतात. गालात हवा भरली की दोन्ही वेगळे होतात आणि गाठ कुठून उगवली ते उघडं पडतं. टेक्निशियन दादांनी भाऊजींना टेबलावर घेण्याआधी बाहेर खुर्चीतच सराव करायला लावला. "काकाजी, ओठ घट्ट. नाकाने श्वास. हवा सोडू नका ना." सुपारीने गाल कडक झालेले, त्यामुळे पहिल्यांदा नुसते ओठ फुगले. दादा वैतागले नाहीत. स्वतःचा गाल फुगवून दाखवला, मग भाऊजींचा तळहात त्यांच्याच गालावर ठेवून हवा जाणवते का ते विचारलं. शेवटी डाव्या बाजूला थोडी फट आली. तेवढी पुरली. स्कॅन स्वतः काही सेकंदांचा आहे. मेहनत सगळी त्याच्या आधीची.

एमआरआयच्या वेळी सगळं अंगावरचं काढायला लावलं. कडं, घड्याळ, आणि करदोडाही. करदोड्यात चांदीचा मणी होता, तो भाऊजींना आठवलाच नव्हता. टेक्निशियननी कमरेला हात लावून विचारलं म्हणून निघाला. दातातली कॅप मात्र निघत नाही. तिच्यामुळे चित्र किती बिघडेल हे आधी चित्रांची एक छोटी मालिका घेऊन बघितलं आणि त्याप्रमाणे सेटिंग बदललं. किडनीसाठी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागितला, कारण कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून द्यायचं औषध, द्यायचं होतं. साधारण पाऊण तास डोक्या-मानेभोवती कॉइल लावून निपचित पडायचं असतं. मध्ये गिळलं तरी चित्र हलतं. तोंडात लाळ साठणाऱ्या माणसाला हे सोपं नाही. दोन मालिकांच्या मधे "आता गिळून घ्या" असं माइकवरून सांगत होते, हे मला फार आवडलं.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मॅडमना विचारून पडद्यावर बघायची परवानगी घेतली. त्यांनी वेळ दिला. कॉन्ट्रास्ट देण्याआधीच्या टी-वन नावाच्या एमआरआय चित्रात जबड्याच्या हाडातला मगज पांढरा दिसतो, कारण प्रौढ माणसाच्या जबड्यात चरबी असते. कॅन्सर आत शिरला की ती पांढरी पट्टी तिथे काळी पडते. भाऊजींच्या चित्रात दाढ काढलेल्या खड्ड्यापुरता एक करडा डाग होता, बाकी पट्टी सलग पांढरी. हाडाचं बाहेरचं कवच मात्र सीटीवर एका जागी खरवडल्यासारखं होतं. कवचासाठी सीटी बघायचा आणि मगजासाठी एमआरआय. दोन्ही का करायला सांगतात ते मला तिथे उमगलं. पेशंटला मात्र वाटतं, एकाच कामाचे दोनदा पैसे घेतायत.

डिफ्यूजन नावाची मालिका त्यांनी खास समजावली. पेशींच्या मधलं पाणी किती मोकळं हलतं, ते ती मोजते. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने असतात, त्यामुळे पाण्याचं हलणं कमी होतं, सुट्टीच्या दिवशी गच्च भरलेल्या उमरेड गाडीत कंडक्टरला पुढे सरकता येत नाही तसं. त्याचा आकडा निघतो, त्याला एडीसी म्हणतात. मानेतली गाठ नुसती सुजलेली आहे की त्यात कॅन्सर आहे, किंवा उपचारानंतर उरलेला भाग व्रण आहे की पुन्हा वाढलेला रोग, अशा वेळी तो आकडा मदत करतो. मॅडमनी हेही सांगितलं की एकट्या त्या आकड्यावर निकाल द्यायचा नाही, कारण आतून सडलेल्या गाठीत पाणी मोकळं असतं आणि आकडा फसवा येतो.

पेट-सीटी, म्हणजे पेट आणि सीटी एकत्र, दुसऱ्या दिवशी सकाळी होता. उमरेडहून उपाशी यायचं म्हणून त्यांनी सकाळची पहिली वेळ दिली, ही माणुसकी. नाहीतर या उन्हात रिकाम्या पोटी गणेशपेठ स्टँडवरून ऑटोने येऊन दुपारपर्यंत बसायचं म्हणजे आजारी माणसाचे हालच. गेल्याबरोबर बोटाला टोचून शुगर बघतात. ती २०० च्या आत हवी. जे औषध शिरेतून देतात ते साखरेचंच रूप आहे, त्याला फ्लोरिन-१८ जोडलेलं असतं. रक्तात आधीच साखर भरपूर असेल तर गाठ हे औषध कमी ओढते आणि चित्र फिकं येतं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचं. म्हणजे पेशंट दोन तास उशिरा आला तर डोस निम्म्याहूनही कमी उरतो. वेळेबद्दल हे लोक इतके कडक का, ते यावरून लक्षात घ्या आणि त्यांच्याशी भांडू नका.

इंजेक्शननंतर साधारण तासभर एका मंद उजेडाच्या खोलीत आडवं पडायचं. डोक्या-मानेच्या पेशंटला इथे एक जास्तीचा नियम लावतात, तो म्हणजे बोलायचं नाही आणि काही चघळायचंही नाही. बोललं की स्वरयंत्राचे आणि जिभेचे स्नायू साखर ओढतात आणि पेट स्कॅनवर ते स्नायूच पेटलेले दिसतात. नेमका तोच भाग आपल्याला बघायचा असतो. सिस्टरने भाऊजींचा मोबाइल काढून माझ्याकडे दिला, खिसे बघितले, तोंड धुवायला लावलं, अंगावर ब्लँकेट घातलं. थंडीने मानेतली चरबीसुद्धा साखर ओढते, म्हणून मे महिन्यातही ब्लँकेट. ज्या माणसाने आयुष्यभर गाडीत ओरडून तिकिटं फाडली, तो तासभर भिंतीकडे तोंड करून गप्प पडला होता. काचेतून मला नुसती पाठ दिसत होती. ताई बाहेर बाकावर रामरक्षा म्हणत होती.

स्कॅन झाल्यावर भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि त्या दिवशी लहान मुलांना, गरोदर बायकांना जवळ घेऊ नका असं बजावलं. आम्ही डब्यात पातळ मुगाची खिचडी आणि आंबील आणली होती. पॅन्ट्रीतल्या मावशींनी खिचडी गरम करून दिली, पैसे घेतले नाहीत. तोंडात जखम असलेल्या माणसाला बाहेरचे तर्री पोहे चालत नाहीत, तेव्हा तुम्हीही डबा न्याच.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला आणि याच गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले. सर्जनच्या चिठ्ठीतल्या प्रत्येक प्रश्नाला रिपोर्टमध्ये उत्तर होतं, त्याच क्रमाने. गाठ ३.४ सेंटिमीटर, खोली सुमारे ८ मिलिमीटर. तोंडाच्या कॅन्सरची पायरी ठरवताना २०१८ पासून खोलीही धरतात, ५ आणि १० मिलिमीटर या तिच्या सीमा आहेत, म्हणून हा आकडा नुसती शोभा नाही. मगज शाबूत, दाढेच्या खड्ड्यातला बदल दाढ काढल्यामुळे असावा, असं तारखेसकट लिहिलेलं. चावण्याचे स्नायू मोकळे. जबड्यातून जाणाऱ्या नसेवर रोगाची खूण नाही. कॅन्सर नसेच्या कडेकडेने कवटीपर्यंत चढू शकतो, आणि ही नस वरपर्यंत तपासली हे त्यांनी नोंदवलं होतं. डाव्या मानेत दोन गाठी, एक जबड्याखाली आणि एक थोडी वर, मोठी आतून सडलेली पण तिची कड गुळगुळीत. पेट स्कॅनवर दोन्ही चमकत होत्या. फुफ्फुसात एक जुना कडक ठिपका, बहुधा जुन्या टीबीचा, तो चमकत नव्हता. दोन्ही टॉन्सिल सारखेच थोडे चमकत होते; ते नेहमीचं आहे, असं स्पष्ट लिहिल्यामुळे आम्ही घाबरलो नाही.

उजव्या मानेत ९ मिलिमीटरची एक गाठ किंचित चमकत होती. इथे दुसऱ्या कोणी 'कॅन्सरची शक्यता' लिहून हात झटकले असते. यांनी लिहिलं की आकार आणि घडण चांगली आहे, सूज असू शकते, सोनोग्राफीखाली सुई टाकून खात्री करावी. सुईची तपासणी इथेच झाली, त्यात कॅन्सर निघाला नाही. उजवी मान कापावी लागली नाही.

ऑपरेशनमध्ये जबड्याची खालची कड वाचली. भाऊजींचा चेहरा बसला नाही, खालची ओळ सरळ आहे. काढलेल्या भागाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये हाड स्वच्छ निघालं, खोली ७ मिलिमीटर, डाव्या दोन गाठींत कॅन्सर. स्कॅनचा निकाल खरा की खोटा ते याच कागदावर कळतं, म्हणून मी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. आता रेडिएशन चालू आहे.

कुठलाही स्कॅन सगळं दाखवत नाही, हेही लिहायला हवं. गाठीत पेशींचा बारीकसा पुंजका असेल तर तो ना एमआरआयला दिसतो ना पेटला. म्हणूनच मान स्वच्छ दिसली तरी सर्जन बऱ्याचदा मानेतल्या गाठी काढायला सांगतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मान आधीच साफ केलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, आणि मानेत गाठ आल्यावरच मान साफ केलेल्यांपैकी ६७.५ टक्के. पेट स्वच्छ आला म्हणून मानेचं ऑपरेशन नको, असा हट्ट कोणी धरत असेल तर हे आकडे त्यांना दाखवा.

उलट ज्यांना ऑपरेशनऐवजी केमो आणि रेडिएशन मिळतं, त्यांच्यासाठी पेटचा उपयोग फार मोठा आहे. ब्रिटनमधला ५६४ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. उपचारानंतर १२ आठवड्यांनी पेट-सीटी करून मग मानेचं ऑपरेशन ठरवलं, तर त्या गटात ५४ ऑपरेशनं झाली. सरसकट ऑपरेशन ठरवलेल्या गटात २२१. जगण्याच्या प्रमाणात पेटचा गट मागे पडला नाही. माझ्या शेजारच्या बाकावर घशाच्या कॅन्सरचे एक आजोबा होते, रेडिएशन संपून महिनाच झालेला. रिसेप्शनवरून त्यांना पैसे न घेता परत पाठवलं, "१२ आठवडे झाल्यावर या, आत्ता भाजलेली जागाच चमकेल." धंदा बुडवून असं सांगणारं सेंटर मला तरी भरवशाचं वाटतं.

आता कापलेल्या अर्ध्या ताऱ्याबद्दल. संमतीपत्र फक्त इंग्रजीत आहे. ताई सातवी शिकलेली. सही तिची, वाचायचं मी. नागपुरात, जिथे भंडारा, गडचिरोलीपासून पेशंट येतात, तिथे हे मराठीत आणि हिंदीत असायलाच पाहिजे. कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे लागतील हे फोनवर सांगितलं नव्हतं, बिल करताना कळलं. पेटचं इंजेक्शन झालेल्यांसाठी वेगळं संडास आहे ते चांगलं, पण स्कॅननंतर त्यांना सर्वांच्याच वेटिंगमध्ये बसवतात, जिथे लहान मुलंही खेळत असतात. ही जागा बदलावी, असं मी मॅनेजरना लेखी दिलं आहे. गाडी लावायला जागा नाही, ऑटोनेच या.

सेंटरच्या माहितीपत्रकात गाठीच्या पोताचं कॉम्प्युटरने विश्लेषण करण्याबद्दल एक पान आहे. आमच्या सर्जनच्या मते ते सध्या संशोधनाच्या पातळीवर आहे, त्यावर उपचार ठरत नाहीत. त्यासाठी जास्तीचे पैसे भरू नका. चमक किती आहे त्याचा जो आकडा पेट रिपोर्टमध्ये असतो, तोही दुसऱ्या सेंटरच्या आकड्याशी ताडून घाबरू नका. मशीन, शुगर आणि इंजेक्शननंतर गेलेला वेळ यांनी तो बदलतो. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा म्हणजे तुलना जमते.

जाताना सर्जनची चिठ्ठी प्रश्नांसकट न्या. नुसतं 'एमआरआय नेक' लिहिलेली असेल तर परत जाऊन लिहून आणा. बायोप्सीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन, आधीच्या स्कॅनची सीडी आणि दाढ काढली असल्यास तिची तारीख जवळ ठेवा. शुगरच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते आदल्या दिवशी फोन करून विचारा, स्वतःच्या मनाने थांबवू नका. निघताना फिल्मसोबत सीडीही मागून घ्या. सर्जनना ती चित्रं पुढे-मागे सरकवून बघायची असतात, फिल्मवर ते होत नाही. सीडी मागितली तरच देतात.